नाडीपरीक्षेतील भेदाभेद

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, ही गोष्ट शाळकरी मुलांसही ठाऊक असते. महाडच्या चवदार तळ्याची हकीकतही तशीच सर्वतोमुखी आहे. देऊळ आणि पाणी ही दोन नावे अस्पृश्यतेच्या इतिहासाशी इतकी निगडित होऊन बसली आहेत की, त्यांच्या शेजारी उभे असलेले तिसरे नाव सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि पुढे त्याच ठरावाच्या बळावर महाडचा लढा उभा राहिला. त्या ठरावात सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा यांच्या पाठोपाठ शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचाही स्पष्ट उल्लेख होता. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या दवाखान्यात अस्पृश्याला प्रवेश असावा, हे ठराव करून सांगण्याची पाळी १९२३ साली या प्रांतावर आली होती!

पाण्यासाठी सत्याग्रह झाला, देवळासाठी झाला; दवाखान्यासाठी तसा सत्याग्रह झाल्याचे कोणाच्या स्मरणात नाही. याचे कारण शोधावयास फार दूर जावयास नको. देवळाच्या दाराशी माणसे वर्षानुवर्षे उभी राहू शकतात. नाशिकास भाऊराव कृष्णराव गायकवाड आणि त्यांचे सहकारी तशी चार-पाच वर्षे उभी राहिली, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेली. परंतु ज्याला ताप चढला आहे त्याला दाराशी बसून राहण्याची सवड नसते. दोन दिवसांत एक तर तो बरा होतो, किंवा त्याची तक्रार त्याच्याबरोबर स्मशानात जाते. औषधाच्या दारातील अन्याय घडतो तसाच विरून जातो आणि मागे पुरावा ठेवीत नाही.

असा एक पुरावा मात्र छापील स्वरूपात उरला आहे. गांधीजींच्या 'यंग इंडिया' साप्ताहिकाच्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र प्रसिद्ध झाले आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते आपल्या आठवणींत उद्धृत केले. शिक्षकाच्या घरी महिन्याच्या पाच तारखेस मूल जन्मले. सात तारखेस बाळंतिणीस जुलाब सुरू झाले, छाती भरून आली, श्वास घेणे कठीण झाले. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत पाऊल टाकावयास तयार नव्हता. गावच्या नगरशेटाने रदबदली केल्यावर तो आला, पण वस्तीच्या बाहेरच रोगी तपासीन, या अटीवर. दोन दिवसांच्या बाळंतिणीला उचलून बाहेर आणण्यात आले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो शिक्षकाच्या हाती दिला, शिक्षकाने तो पत्नीस लावला आणि त्याच वाटेने तो परत डॉक्टरच्या हाती गेला. रात्रीचे आठ वाजले असावेत. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया झाल्याचे सांगितले, औषध पाठविले आणि तो निघून गेला. पुढे दोन रुपये फी देऊ केली असताही तो पुन्हा आला नाही. बाळंतीण गेली.

या हकीकतीत खरोखर भयंकर काय आहे, हे नीट पाहिले पाहिजे. डॉक्टर आलाच नाही, असे झाले नाही. तो आला, त्याने निदान केले, औषधही दिले. फी, निदान, औषध असा उपचाराचा सारा बाह्य विधी यथासांग पार पडला. राहिला तो केवळ स्पर्श. न्यूमोनियाच्या रोग्याच्या छातीस कान वा नळी न लावता आणि मनगटावर बोट न ठेवता झालेली ती तपासणी होती. दार बंद असते तर निदान बंद दाराविरुद्ध ओरडता तरी आले असते. येथे दार अर्धे उघडलेले होते, आणि अर्ध्या उघड्या दारात माणूस कसा मरतो, याचे ते पत्र म्हणजे जिवंत चित्र आहे.

त्याच्या बत्तीस वर्षे आधी पुण्याच्या परिसरात याच्या अगदी उलट प्रकार घडला होता. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलास स्वतःच्या पाठीवर घेऊन, त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूस माळावर उघडलेल्या दवाखान्यात पोहोचविले. त्यातच त्यांना प्लेगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. सावित्रीबाईंपाशी वैद्यकाची पदवी नव्हती. काठेवाडच्या डॉक्टरपाशी ती होती.

स्वराज्य आल्यावर कायद्याने आपले काम केले. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यात तर रुग्णालयात वा दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा अपराध म्हणून वेगळा नोंदविला गेला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तोच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. आज सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर केसपेपर काढताना कोणास जात सांगून परत पाठविले जात नाही. तथापि स्पर्श हा कायद्याच्या कक्षेत सहजी येणारा विषय नव्हे. गुजरात व राजस्थानातील दलित मुलांना औषधोपचार कसा मिळतो, याविषयी संघमित्रा आचार्य यांनी केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. औषध हातात न देता दुरून देणे, अंगास हात न लावता विचारपूस उरकणे, इतरांपेक्षा कमी वेळ देणे, अशाच तक्रारी त्यात प्रामुख्याने आढळल्या. थर्मामीटर हातोहात फिरविण्याची ती रीत ऐंशी वर्षांनंतरही पुरती मावळलेली नव्हती.

येथे एक आक्षेप साहजिकच घेतला जाईल. हे सारे दारिद्र्याचे फळ आहे. पैसा आला की उपचार मिळतो, मग जात कोण विचारतो? सर जोसेफ भोर यांच्या समितीनेही १९४६ साली, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी योग्य उपचारास मुकू नये, हेच आपले पहिले तत्त्व ठरविले होते. तत्त्व थोर आहे, यात शंका नाही. पण त्यात अडचण एकच कल्पिलेली आहे, ती पैशाची. २०२२ साली संगीता व्यास, पायल हाथी आणि आशीष गुप्ता यांनी उत्तरेकडील व पूर्वेकडील नऊ राज्यांतील सुमारे दोन कोटी लोकांच्या माहितीवरून आयुर्मानाचा हिशेब मांडला. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुष्य चार वर्षांहून अधिक आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी भरले. घरची सांपत्तिक स्थिती समान धरून पाहिली तरी हे अंतर पुरते मिटेना. पैशाने जे भरून निघत नाही, ते कशाने हिरावले गेले?

आता दुसऱ्या एका दाराकडे वळावयाचे, आणि हे दार घराच्या आत आहे. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाला नाही, हे शल्य त्यांच्या मनात राहिले. १८८३ साली त्या अमेरिकेस निघाल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय सुरू झाले. एडिथ पीची ही इंग्रज डॉक्टरीण त्यासाठीच मुंबईस आलेली होती. पुढे रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेस रुग्णसेवेला लागल्या. त्या काळच्या सुधारकांची समजूत अशी होती की, स्त्री परपुरुषास अंग दाखवीत नाही म्हणून ती उपचारास मुकते. स्त्री डॉक्टर आणा, म्हणजे प्रश्न सुटला. त्या समजुतीने शहरांतील पुष्कळ स्त्रियांचे प्राण वाचविले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण सारा दोष स्त्रीच्या लाजेवर ढकलणे घरातील कर्त्या मंडळींस सोयीचेही होते.

आनंदीबाईंच्या पदवीस शंभर वर्षे उलटून गेल्यावर डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत जाऊन स्त्रियांची तपासणी केली. त्यांचा निबंध जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला आणि जगभरच्या वैद्यकजगतास धक्का बसला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी शेकडा ९२ जणींना एक वा अनेक स्त्रीरोग होते. यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा अवघ्या आठ होत्या. पांढरे जाणे, पाळीचे विकार, ओटीपोटातील दुखणे, ही सारी 'बायकांची दुखणी' म्हणून घरातल्या घरात जिरविली जात होती. सरकारी आरोग्यखात्याची यंत्रणा गावोगाव पोहोचली नव्हती, असे नव्हे. ती पोहोचली होती; पण तिच्या दृष्टीने स्त्री म्हणजे गरोदर बाई, नाही तर शस्त्रक्रियेच्या उद्दिष्टातील एक आकडा. ही दृष्टी अजून बदललेली नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया शेकडा ३७.९ आढळल्या, तर पुरुषांची शस्त्रक्रिया शेकडा ०.३! पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी धोक्याची असते, हे प्रत्येक डॉक्टर जाणतो. त्याच पाहणीत रक्तक्षय असलेल्या स्त्रिया शेकडा ५७ आणि पुरुष शेकडा २५ आहेत.

हे खेड्यापाड्यांतील अज्ञान झाले, असे म्हणून शहरातील सुशिक्षित कुटुंबास हात झटकता येणार नाहीत. अवयवरोपण ही काही खेड्यातील दरिद्री माणसाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हे. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० अवयवरोपणे झाल्याची नोंद आहे. त्यांपैकी २९,६९५ पुरुषांवर झाली आणि ६,९४५ स्त्रियांवर. उलट जिवंतपणी मूत्रपिंड वा यकृताचा तुकडा काढून देणाऱ्यांत बहुसंख्या पत्नींची, मातांची आणि भगिनींची आहे. काही विकार पुरुषांत अधिक होतात, तेव्हा हे सारेच अंतर अन्यायाचे आहे, असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण चौपट अंतराचा उलगडा केवळ त्याने होत नाही. कमावत्याचे शरीर राखले पाहिजे आणि घर सांभाळणारीने त्यासाठी आपले द्यावे, हा हिशेब कोणी कागदावर मांडीत नाही; तो जेवणाच्या पानापासूनच ठरून गेलेला असतो.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २०१६ या एका वर्षात बाह्यरुग्ण विभागास सुमारे २३ लाख ७७ हजार भेटी नोंदल्या गेल्या. त्यांची छाननी २०१९ साली प्रसिद्ध झाली. एका स्त्रीमागे १.६९ पुरुष, असे तेथील प्रमाण होते आणि लोकसंख्येच्या मानाने ज्या यावयास हव्या होत्या पण आल्या नाहीत, अशा स्त्रियांची संख्या चार लाखांवर भरली. विशेष म्हणजे रोग्याचे गाव दिल्लीपासून जितके दूर, तितके स्त्रियांचे प्रमाण कमी. जवळच्या दवाखान्यात स्त्रीला नेले जाते. गाडीभाडे, मुक्काम आणि बुडालेला रोजगार यांचा प्रश्न आला की पुरुष तेवढा पुढे निघतो.

अंतराचा हा नियम नाशिक जिल्ह्यास फार जवळून लागू पडतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर होती आणि तीत शेकडा पंचवीसहून अधिक आदिवासी होते. पेठ आणि सुरगाणा हे तालुके तर जवळजवळ संपूर्ण आदिवासी आहेत. त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी, कळवण येथील डोंगरपट्ट्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर, कातकरी अशी वस्ती आहे. याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, जेथून साऱ्या राज्याच्या डॉक्टरांस पदव्या दिल्या जातात. सरकारी नियमाप्रमाणे सपाटीवर तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर आदिवासी व डोंगरी भागात वीस हजारांमागे एक. नियम उदार दिसतो. पण तो माणसे मोजतो, वाट मोजीत नाही. विखुरलेल्या पाड्यांतून वीस हजार माणसे गोळा करावयाची, तर किती घाट आणि किती ओहोळ मध्ये येतात, याचा हिशेब त्यात नाही.

जुलै २०२३ मध्ये इगतपुरी तालुक्यातील एका वाडीतून एक गरोदर स्त्री ऐन पावसात, रस्ता नसल्यामुळे सुमारे अडीच किलोमीटरची पायवाट तुडवून गाडीरस्त्यास आणावी लागली. तेथून एका रुग्णालयात, तेथून पुढच्या, असे होता होता तिचा प्राण गेला. त्याच वर्षी मे महिन्यात समृद्धी महामार्गाचा शिर्डीपासूनचा टप्पा वाहतुकीस खुला झाला होता. तो ज्या भरवीर गावाशी येऊन थांबला, ते गाव त्याच इगतपुरी तालुक्यातील. महाराष्ट्राचे मातामृत्यूचे प्रमाण २०१८ ते २०२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३, म्हणजे देशात केरळाच्या खालोखाल उत्तम होते. हा आकडा खरा आहे आणि अभिमानास्पदही आहे. पण सरासरी ही मोठी सभ्य वस्तू असते; वाडीवरचे मरण ती मुंबई-पुण्याच्या प्रसूतिगृहांच्या रांगेत नेऊन बसविते आणि मग ते ओळखू येत नाही. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०१८ साली दिलेल्या अहवालात आदिवासींचे आयुर्मान ६३.९ वर्षे आणि सर्वसाधारण ६७ वर्षे असल्याचे नमूद आहे.

रस्ता झाला, वाहन मिळाले, मोठ्या रुग्णालयाची पायरी चढली, म्हणजे तरी विषमता संपते काय? तेथे तिसरे दार आहे, आणि ते शब्दाचे आहे. रोगी आपले दुखणे सांगतो, त्यावर विश्वास बसला तर पुढचे सारे घडते. अमेरिकेत याचा अभ्यास फार झाला आहे. तेथील वैद्यक संस्थेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, विमा आणि उत्पन्न सारखे असतानाही काळ्या रोग्यांस गोऱ्यांपेक्षा कमी प्रतीचा उपचार मिळतो, असे स्पष्ट म्हटले आहे. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील वैद्यकाचे विद्यार्थी व निवासी डॉक्टर यांस काही प्रश्न विचारण्यात आले. त्यांतील निम्म्याच्या आसपास जणांनी काळ्या माणसाची कातडी जाड असते यांसारख्या एका ना एका खोट्या समजुतीस होकार दिला. ज्याला कमी दुखते असे डॉक्टरने आधीच ठरविले, त्याला वेदनाशामक औषध कमीच मिळणार.

माणसाचा पूर्वग्रह यंत्रात नसतो, अशी समजूत असते. ती तपासून पाहण्याजोगी वस्तू २०२० च्या साथीत घरोघर येऊन पडली: बोटास लावावयाचा ऑक्सिमीटर. प्रकाश कातडीतून आरपार घालून रक्तातील प्राणवायू मोजणारे हे यंत्र. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले की, रक्तातील प्राणवायू धोकादायक पातळीवर उतरला असतानाही यंत्राने आकडा ठीक दाखविण्याचा प्रकार काळ्या रोग्यांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळतो. यंत्र बनविणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता. पण ते ज्यांच्यावर पारखून घेतले, त्यांत गडद वर्णाची माणसे थोडी होती. ज्या देशात कातडीचे रंग गव्हाळ्यापासून गडद काळ्यापर्यंत आहेत, तेथे किती बोटांवर हा आकडा चुकला असेल, याचा अंदाज श्रोत्यांनी करावा.

नाशिकच्या रुग्णालयात सुरगाण्याकडील स्त्री जेव्हा आपले दुखणे सांगते, तेव्हा ती ते कोकणा बोलीत सांगते. ही बोली मराठीस व गुजरातीस जवळची असली तरी शहरात वाढलेल्या तरुण डॉक्टरच्या कानास ती परकी असते. प्रश्न दोनदा विचारूनही उत्तर कळले नाही की, केसपेपरवर दोन शब्द लिहून रांग पुढे सरकविली जाते. रांगेत आणखी दोनशे माणसे उभी असतात, तेव्हा त्या डॉक्टरलाही सर्वस्वी दोष देता येत नाही. अशा वेळी बहुधा एक स्त्री मध्ये पडते. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' म्हणून नेमलेली, त्याच गावची, पाड्यावरून रोग्याबरोबर आलेली. डॉक्टरने विचारलेले ती बोलीत सांगते, बाईने सांगितलेले मराठीत सांगते, आणि जे बाई लाजेने सांगत नाही, तेही हळूच पुरे करते. तिला पगार नाही. प्रसूती, लसीकरण, भेटी अशा ठरीव कामांचा मोबदला मिळतो. त्या कामांच्या यादीत बोलीचे मराठी करून सांगण्याचा रकाना नाही.